मिटवे वकील

ज्यांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे, ते बारामतीचे मिटवे वकील. हे त्यांचं आडनाव नव्हे. हाती आलेला दावा कोर्टाबाहेरच मिटवायचा त्यांना नाद होता, म्हणून इतर वकिलांनी ते चेष्टेनं पाडलेलं. खऱ्या नावानं विचारलं तर कोर्टाच्या आवारात कुणी पत्ता सांगत नसे.

त्र्याण्णव साली मी बी.ए. झालो, घरातला पहिलाच. आमच्या गावच्या, वरकुट्याच्या, सामाईक विहिरीवरून माझे वडील तात्या आणि धाकटे चुलते नाना यांचा दावा इंदापूरच्या कोर्टात सहा वर्षं पडून होता. एकाच बांधावरून दोघं तोंड फिरवून जात. शिकलेला म्हणून तात्यांनी मला चांगला वकील शोधायला सांगितलं. मी शोधले ते हे.

पक्षकाराला ते स्वतःची तक्रार सांगूच देत नसत. तात्या कागदांची पिशवी सोडायला लागले, तसे म्हणाले, "तुमचं ऱ्हाऊ द्या. नानांचं काय म्हणणं हाय, ते सांगा."

तात्या उठून बाहेर आले. "ह्यो वकील आपला हाय का त्याचा?" मला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात वकीलसाहेब एसटीनं वरकुट्याला आले. नानांना त्यांनी आधीच पोस्टकार्ड टाकलं होतं. दोघांना विहिरीवर बसवून त्यांनी तात्यांना तोच प्रश्न परत विचारला. तात्या बराच वेळ पायानं ढेकळं फोडत राहिले.

"आई गेली तवा म्या तार उशिरा केली," ते म्हणाले. "ह्याला तिचं तोंड दिसलं न्हाय. त्याचं म्हणणं त्ये हाय."

नाना तेव्हा नोकरीला सोलापुरात होते. ते उठून पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे गेले आणि तोंड धुऊनच परत आले. मग पाण्याचं ठरायला तासही लागला नाही. शेतीला वीज दिवसा थोडी, रात्री थोडी यायची; दिवसाच्या विजेवर एक आठवडा एकानं मोटार चालवायची, पुढचा आठवडा दुसऱ्यानं. तडजोडीचा कागद कोर्टात दिला, दावा संपला.

वकीलसाहेब एका खोलीत एकटेच राहत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एवढी घरं जुळवलीत, माणसांची ये-जा असेल, असं मी एकदा म्हणालो. ते हसले. "कोर्टात जिंकलेला पेढे घेऊन येतो. माझ्याकडनं जाताना दोघंबी थोडं थोडं हरलेले असत्यात. पेढे कोण आणील?"

माझ्या बहिणीच्या लग्नात तात्या आणि नाना एका मांडवात उभे होते. वकीलसाहेब नव्हते. त्यांनी नानाला झुकतं माप दिलं, असं तात्यांचं मत. नानांचं नेमकं उलटं. 

पुढे मी नोकरीला पुण्यात आलो. अठ्ठ्याण्णव साली त्यांना हे पत्र पाठवलं:

"आदरणीय वकीलसाहेब, सविनय जयभीम.

गेल्या महिन्यात तात्या गेले. शेवटी शेवटी ते अंगाला कुणाला हात लावू देत नव्हते. नाना रोज येऊन त्यांची दाढी करत. तेवढं चालायचं.

हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल. बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका बारामतीत मीच वाटल्या. तुमच्या दारावरून सायकल तशीच पुढे नेली. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. मला पाहून हात वर केलात.

येत्या रविवारी बारामतीला येतो आहे. तुम्ही जेवायला कुठे जाता, हे मी कधी विचारलंच नाही. त्या दिवशी जेवायला माझ्यासाठी थांबा.

आपला,
सुधाकर"