माळ्यावरची निसणी

आमच्या शहाद्याच्या गल्लीतला तो सुतार निसणी, म्हणजे माळ्यावर चढायची शिडी, अशी बनवायचा की मांजरं उडी मारायची विसरली आणि ऐंशीच्या म्हाताऱ्या दिवसातून वीसदा उगाच वर जाऊन येऊ लागल्या. मोजपट्टी त्याने कधी वापरली नाही. हात, वीत आणि एक मिटलेला डोळा एवढ्यावर त्याचं भागायचं. माळ्यावर पसारा दिसला की बायकोदेखत घरधन्याला सुनावायचा, "माळा धाकला नही शे भाऊ, तूच आळशी शेस."

पूर्वी माळ्यावर फक्त बियाण्याची ज्वारी असे, राखेत कालवून कणगीत भरलेली. ती चढवली की मागून आणलेली शिडी परत करायची, असा रिवाज होता. पेरणीपर्यंत हात पोचत नसे, म्हणून बियाणं वाचे. त्याच्या निसण्या मात्र घरोघर कायमच्या लागल्या.

मग एक वर्ष पावसाने दगा दिला. उन्हाळ्यात पोरं भुकेने रडू लागली, तसे आम्ही वर चढून रोज पसाभर काढत गेलो.

पेरणी आठ दिवसांवर आली तेव्हा तो मान खाली घालून दारात उभा राहिला. "बी उरनं व्हई तं मी निसनी काढी लेस."

तो वर चढला, कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि राख झटकत उतरला.

"तुझा काय दोष?" मी म्हटलं.

तो शेजारच्या घरात शिरला, मग त्याच्या पुढच्या. मी ओट्यावरून बघत राहिलो. गल्ली संपली तरी त्याच्या खांद्यावर एकही निसणी नव्हती.