रेतीच्या खोलीसमोर सुमतीअक्का

बंगळूर, १२ जानेवारी १९९६

संपादकांनी लेख मागितला त्याला बरेच महिने झाले. इतक्या मौनाबद्दल क्षमा असावी. डॉ. सुमतीअक्कांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो की स्तुती हाताबाहेर जाते आणि मी कागद बाजूला सारतो. म्हणून डोळ्यांसमोर घडले तेवढेच लिहितो.

अक्कांच्या छातीच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. पहिल्याच दिवशी त्या एका सुताराला म्हणाल्या, "काम काय करता ते सांगू नका, करून दाखवा." तो हवेत करवत चालवू लागला आणि अक्का खुर्चीतून उठून, त्याचे नाक भुशाच्या किती जवळ येते ते पाहू लागल्या. मला वाटले, यांना वेळ बराच दिसतो!

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातले कामगार शिवण्णा आले तेव्हा या पद्धतीचा अर्थ कळला. आधी कुणीतरी त्यांना क्षयाची औषधे दिली होती. धाप वाढतच होती. अक्कांनी सांगताच ते गुडघ्यावर बसले, हातात नळी धरल्यासारखे केले आणि तोंड पुढे नेले. हवेच्या दाबाने रेती मारून लोखंडाचा गंज काढायचे ते काम.

"तोंडाला काय बांधता?"

"टॉवेल, अक्का."

एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांवर बारीक ठिपके होते. दुखणे रेतीच्या धुळीचे होते.

कारखान्याचे मालक राजाराव बंगळूरच्या आपल्याच मराठी समाजातले. आमचे एक्स-रे यंत्रही त्यांच्याच देणगीतले. अक्का जपून बोलतील, असा माझा अंदाज. त्या मला घेऊन थेट कारखान्यात, रेती मारायच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"अक्का, पाळी सुटली की आम्ही प्रत्येकाला गूळ देतो. छाती साफ होते," राव म्हणाले.

"गूळ पोटात जातो, राव, आणि धूळ छातीत. दोघांची भेट व्हायची कुठे?"

"वडिलांपासूनची पद्धत आहे आमची."

"सरी, ठीक आहे. मग आज त्या खोलीत तुम्ही उभे राहा. गूळ मी भरवते."

रावांनी दाराकडे पाहिले. पाऊल काही उचलले नाही.

पुढे रावांनी ती पद्धत बदलली; आता तिथे रेतीऐवजी बंद पेटीत पोलादी छरे वापरतात. कामगार बाहेर उभा राहतो. शिवण्णा गोदाम सांभाळतात. गेलेला श्वास परत येणार नाही, हे अक्कांनी त्यांना स्पष्ट सांगितले, आणि त्यांचा पगार घटू नये म्हणून त्या रावांकडे पुन्हा गेल्या. शिवण्णांच्या जागी आलेल्या दोघांचे एक्स-रे मी परवाच काढले. स्वच्छ आहेत. ते उजेडासमोर धरताना, मी अक्कांच्या दवाखान्यातला आहे याचा मला फार अभिमान वाटला.

अक्कांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. कुठलाही जिना चढताना त्यांना कधी धाप न लागो.

उद्याचे काम: शेजारच्या कारखान्यात अजून रेतीच वापरतात, सकाळी अक्कांबरोबर तिथे जायचे.