सात घरांचा नारळ

अंजूरच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव. तिथल्या गावदेवीच्या देवळाशी इंग्रजांच्या काळातला एक दगड आहे. या गावातून सात माणसं पहिल्या महायुद्धाच्या वेळी पलटणीत गेली, एवढंच त्यावर कोरलंय, नावं नाहीत. पण गावाने ती सात घरं केव्हाच ठरवून टाकली होती, आणि जत्रेत देवीपुढच्या नारळाचा मान आधी त्या घरांना मिळायचा. माझ्या बाबांचं म्हणणं, त्यात आमचंही घर हवं, कारण त्यांचे वडील पलटणीत होते. गाव म्हणायचं, दगडावर सात आणि घरंही सात, मग तुमच्यासाठी उठवायचं कुणाला?

बाबा भिवंडीत लूमच्या कारखान्यात मेहता होते. शिफ्टची हजेरी, विणलेले तागे, सगळं त्यांच्या वहीत. वहीत नाही ते झालंच नाही, असा त्यांचा खाक्या. आजोबा वारले तेव्हा बाबा पाच वर्षांचे. त्यांना आठवायचा तो फक्त वडिलांचा उजवा हात, दोन बोटं नसलेला. बोटं पलटणीत गेली असं त्यांच्या आईने सांगितलेलं. गाव म्हणे, भाताच्या गिरणीत गेली.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. एका जत्रेत कुणीतरी ही गिरणीची गोष्ट हसत हसत बाबांच्या तोंडावर काढली. बाबा भडकले आणि सगळ्यांसमोर बोलून बसले, की पुढच्या जत्रेला सरकारी कागद आणतो, त्यात असेल ते मला मान्य. असला शब्द द्यायची काही गरज होती का? पण त्यांना सांगणार कोण.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. इंग्रजी वाचता यायचं म्हणून बाबा मला बरोबर न्यायचे. लूमला सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे आमचे वर्षभराचे शुक्रवार कशेळीवरून ठाण्याला जाणाऱ्या एसटीत आणि तिथल्या कचेरीच्या बाकावर गेले. कारकून विचारायचा, नंबर काय? नंबर नव्हता. पलटण कुठली? तेही माहीत नव्हतं. आजीने इतकंच सांगितलं होतं की ती खरी फौज नव्हती, पूल आणि दारूगोळा राखायला उभी केलेली कच्ची पलटण होती. कारकून म्हणाला, अशा पलटणींचे कागद कुणी जपले नाहीत. कुणाला दुखापतीची एकरकमी भरपाई मिळाली असेल, तर तेवढीच नोंद सापडायची.

पावसाळा सरला तेव्हा त्यानेच एक जुनं रजिस्टर शोधून काढलं. माणूस चांगला होता, त्याच्यावर राग काढायचीही सोय नव्हती. मी बोट ठेवून वाचत गेले. गाव आमचं. पुलावरच्या पहाऱ्यात जखमी, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मी बाबांचा हात घट्ट धरला. मग वर नाव वाचलं. नाव आजोबांचं नव्हतं, त्यांच्या थोरल्या भावाचं होतं.

थोरले आजोबा मी पाहिलेले. त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती.

बाबांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. पाटलाने भरतीची यादी केली ती घरागणिक, आणि घराचं नाव म्हणजे थोरल्याचं नाव. त्या हाकेला घरातला जो धडधाकट तो उठून जायचा. आजोबा तसेच गेले, आणि साहेबाने नाव विचारल्यावर घराचं नाव सांगून मोकळे झाले. त्यात खोटं काही आहे हे त्यांच्या मनातही आलं नसणार. पुढे भावांची वाटणी झाली, आणि पलटणीत गेलेलं घर म्हणून नारळाचा मान थोरल्या भावाच्या घराकडे राहिला.

हे सगळं कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं. पण म्हणाला, दाखल्यावर नाव, गाव आणि पलटण एवढंच येतं, अंगावरच्या खुणा येत नाहीत, आणि इतक्या वर्षांनी नाव बदलायला शपथ घेणारं कुणी जिवंत नाही. मी परतीच्या एसटीत बाबांशी भांडले. म्हटलं, तो कागद फाडून टाका, नाहीतर बोटांचंही सांगा. ते म्हणाले, "कागदावर न्हाय ते कुनाला सांगू?"

जत्रेत त्यांनी दाखला पुढे केला. एका म्हाताऱ्याने तो शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला. थोरल्या घरचे चुलतकाका गर्दीतून पुढे आले आणि बाबांच्या पाया पडले. माझ्या बापासाठी ठाण्याला वर्षभर खेपा घातल्या, सख्खा भाऊ घालणार नाही, असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. कागद भिंतीवर लावायला हवा म्हणून त्यांनी तो मागितला, आणि बाबांनी दिला.

मग म्हाताऱ्याने विचारलं, "आनि मंग तुजा बापूस कुठं व्हता तवा?"

मी बाबांकडे बघत राहिले. मनात म्हणत होते, बोला, आता तरी बोला.

"घरीच व्हता," बाबा म्हणाले.