शबानाला कॅलेंडर मोकळंच दिसत होतं

मंडळी, आज माझ्या हातून वाईट झालं.

दर आठवडी बाजाराला मी जवळा बाजार या गावी लोकांचे दात तपासायला जातो. तरी आज हिंगोलीच्या माझ्या दवाखान्यात त्याच वेळेला पेशंट बोलावलेले. निघता निघता रिसेप्शनवर नुकत्याच लागलेल्या शबानाला सगळ्यांसमोर झापलं, "कॅलेंडर बघता येत न्हाई का?"

"सर, मला तर मोकळंच दिसून राहिलंय."

दुपारी मोबाईलवर पाहिलं. बाजाराची नोंद माझ्या घरच्या ईमेलच्या कॅलेंडरमध्ये होती. ते दवाखान्याच्या ईमेलला मी कधी शेअरच केलं नव्हतं. तिचं बराबर होतं.

शेअर केलं आणि संध्याकाळी तिची माफी मागितली. "असू द्या सर," म्हणाली. पण झापताना दवाखाना भरलेला होता, माफी मागताना आम्ही दोघंच.

सकाळी तिथं बसलेलं कोणी हे वाचत असेल, तर चूक तिची न्हाई, माझी होती.