वेल्डाचं आखूड रिव्हॉल्व्हर

वेल्डा होगनच्या फ्रीजवर पावाचा डबा, डब्याशेजारी रेडिओ आणि रेडिओशेजारी चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्व्हर असे. नवरा आयनर गेला तेव्हा त्याच्या बाकीच्या बंदुका मुलगा स्पोकेनला घेऊन गेला. हे एवढं मागे राहिलं, कारण सुनेला ते बघूनच धडकी भरायची. वीतभर लांब नळी, आयनरच्या पंजाला पुरेल एवढी लाकडी मूठ, आणि वजन असं की कमरेला लावलं की पँट एका बाजूने खाली सरकायची.

वेल्डा यारो फोर्कच्या शाळेची बस चालवायची. मोंटानाच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात शाळा जूनमध्ये सुटते आणि हकलबेरी, म्हणजे तिथलं जांभळं रानफळ, जुलैअखेर पिकते, त्यामुळे नोकरी सोयीची होती. हकलबेरी परसात लावून येत नाही. ती डोंगरात, आपल्या मर्जीने येते. प्रत्येक घराची आपापली जागा असते आणि ती कुणी कुणाला सांगत नाही. तिथले लोक पगार सांगतात, ऑपरेशनचे टाके शर्ट वर करून दाखवतात. बेरी कुठे मिळाली विचारलं तर ‘वर’ म्हणतात. वेल्डाची जागा तिच्या वडिलांकडून आलेली. आयनरलाही ती लग्नानंतर कळली, आणि तीही लगेच नाही. आता ती एकट्या वेल्डाला ठाऊक होती.

आयनरचा धाकटा भाऊ लायल जन्मभर ही जागा विचारत आला होता. लग्नात विचारली, बारशाला विचारली, आयनरच्या दफनानंतर हातात सँडविच घेऊनही विचारली. म्हणाला, “आता तुला एकटीला जड जाईल, वेल्डा.”

त्या उन्हाळ्यात एका ग्रिझली अस्वलिणीने खोऱ्यातल्या एका माणसाला त्याच्याच पिकअपच्या टपावर दुपारभर बसवून ठेवलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला.

“आई, एकटीनं जायचं नाही. लायलकाकाला घेऊन जा.”

“लायल आला म्हणजे जागा गेली.”

“मग मी येतो.”

“तू आलास की तुझी बायको येणार. ती फोटो काढणार आणि सगळ्या मोंटानाला दाखवणार.”

मुलाने फोन ठेवला आणि लायलला लावला. शेवटी तोड निघाली ती लायलकडूनच. खडीच्या खाणीत रंगाचे सहा रिकामे डबे मांडायचे. वेल्डाने आयनरच्या रिव्हॉल्व्हरने सहापैकी चार पाडले, तर तिने खुशाल एकटीने जावं. नाही पाडले, तर लायल बरोबर जाणार. पंच म्हणून बंदूक दुरुस्त करणारा मर्ल. वेल्डा हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून मर्लच्या शेडमध्ये गेली.

“नळी अर्धी कापायची,” ती म्हणाली.

मर्लने वर छताकडे पाहिलं. “आयनर बघतोय बरं.”

“बघू दे. त्याला आता हे कमरेला लावून झुडपात वाकायचं नाहीये.”

“हलकं झालं की लाथ मारेल.”

“मी वर्षानुवर्षं पोरांनी भरलेली बस चालवत्येय.”

“पोरं मागनं मारतात. हे पुढनं मारणार.”

मर्लने नळी कापली, टोक घासून गोल केलं आणि नेमासाठीची माशी नव्याने बसवली. माशी वेल्डाला दिसेना, म्हणून तिने तिच्यावर पर्समधलं नारिंगी नेलपॉलिश लावलं. लाकडी मूठ काढून तिच्या हाताला बसेल अशी बारीक रबरी मूठ आली. चाप इतका जड होता की ओढता ओढता नेम डावीकडे जायचा. मर्लने आतले भाग पॉलिश करून तो सुतासारखा सरळ केला. काम झाल्यावर त्याने रिव्हॉल्व्हर हातात तोलून पाहिलं आणि “दिसायला बेडकासारखं झालंय” एवढंच म्हणाला.

वेल्डा रोज सकाळी खाणीत जाऊ लागली. पहिल्या बारानंतर नळी आभाळाकडे आणि डबा जागच्या जागी होता. काही दिवस तिचे डोळे बार व्हायच्या आधीच मिटायचे. मग तिने कोपर किंचित मोकळं सोडलं, धक्का खांद्यापर्यंत येऊ दिला, आणि डबे पडू लागले. अंगठ्याच्या मुळाशी जांभळा डाग उठला. चर्चच्या जेवणात पाद्र्याच्या बायकोने डागाबद्दल विचारलं.

“चव्वेचाळीस,” वेल्डा म्हणाली.

“हं, माझ्या बहिणीलाही झालं होतं,” असं म्हणून बाईंनी बटाट्याचं सॅलड पुढे केलं.

सराव वेल्डाने दुकानातल्या सौम्य काडतुसांवर केला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी लायल एक पेटी घेऊन आला.

“अस्वलासाठी अस्वलाचीच काडतुसं पाहिजेत. दारू, गोळी, सगळं मी घरीच भरलंय. आयनरचंच माप, बरं का.”

“किती कडक?”

“माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मस्त चालतात.”

दीर आपल्या हाताने भरून घेऊन आलाय, त्याला नाही काय म्हणायचं, म्हणून वेल्डाने पेटी ठेवून घेतली. बंदुका बाळगणारा माणूस दुसऱ्याने भरलेलं काडतूस वापरत नाही. पण यारो फोर्कमध्ये दीर दुसरा धरत नाहीत.

रविवारी प्रार्थना उरकून तिघं खाणीत आली. पहिला बार झाला तशी दरडीवरून खडी घरंगळली आणि डबा उडाला. दुसरा उडाला. तिसराही उडाला. वेल्डाने चौथ्या डब्यावर नारिंगी ठिपका टेकवला आणि चाप ओढला. चाप हलेना. घोडा अंगठ्याने मागे ओढू पाहिला, तोही हलेना. गोळ्यांचं चक्र जाम झालं होतं.

मर्लने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि पुढून डोकावून पाहिलं. उरलेल्या काडतुसांपैकी एकाची गोळी पितळी पुंगळीतून पुढे सरकून चक्राबाहेर आली होती आणि नळीच्या बुडाला अडली होती.

“बार झाला की रिव्हॉल्व्हर मागे उडतं,” तो म्हणाला. “पुंगळी त्याच्याबरोबर मागे जाते, गोळी जागच्या जागी राहू पाहते. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळायचं असतं. लायल, तू आवळलं नाहीस.”

“आवळलं! जरा सैल असेल. माझ्यात चालतात की.”

“तुझं जड आहे. हे आता हलकं झालंय, जास्त उडतं.”

“मग नळी कापली कुणी?” लायल म्हणाला.

मर्ल जाऊन पडलेले डबे गोळा करून आला.

“डबे तीन पडले,” लायल हळूच म्हणाला. “ठरले होते चार. आणि समोर अस्वल असतं, तर ते काय पुंगळ्या तपासत बसलं असतं?”

वेल्डाने कानांतले बोळे काढले. लायलचं बोलणं खोटं नव्हतं. जाम झालेलं रिव्हॉल्व्हर हातात धरून डोंगरात उभं राहणं काय असतं, ते तिने आत्ताच पाहिलं होतं. तेही डोंगराशिवाय.

“मर्ल, तू पंच आहेस. बोल.”

“हरलीस,” मर्ल म्हणाला. “लायल बरोबर जाणार. पण ही काडतुसं जाणार नाहीत. आणि ज्यानं ती भरली, त्यानं बंदूक नेऊ नये असं माझं मत आहे.”

“मग मी जाऊन करू काय?” लायल म्हणाला.

“बादल्या धर,” वेल्डा म्हणाली.

मंगळवारी पहाटे वेल्डा मर्लने निवडून दिलेली काडतुसं भरून निघाली. लायल शेजारच्या सीटवर होता, मांडीवर दोन बादल्या. हायवे सोडून लाकूडतोड्यांच्या कच्च्या रस्त्याला लागल्यावर समोरून एक पिकअप आली आणि खिडकीला खिडकी लावून थांबली. आत लायलचा जुना शेजारी होता.

“काय, इकडे कुठे?” त्याने विचारलं. नजर बादल्यांवर.

वेल्डा तोंड उघडणार, तोच लायल म्हणाला, “दाताच्या डॉक्टरकडे.”

“या रस्त्यानं?”

“नवीन डॉक्टर आहे.”

शेजाऱ्याने मान डोलावली आणि गाडी पुढे काढली. वेल्डाचा फाटा थोड्याच अंतरावर होता. तिने वळायला चाक फिरवलं, तर लायलने स्टिअरिंगवर हात ठेवला.

“थांब. अजून आरशात दिसतोय तो.”

धूळ खाली बसेपर्यंत दोघं इंजिन बंद करून बसली. मग लायलने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि म्हणाला, “हं, आता वळव.”