हिरव्या दगडावरची रेघ

माझ्यासारख्यानं लिहायचं धाडस करावं का, कळत नाही. चुकलं तर माफ करा. घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. आज भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओल्या दगडाचा वास आला आणि नार्नूर गावाजवळचं आमचं शेत आठवलं.

सातवीत असताना मला नाल्यात साबणासारखा गुळगुळीत, हिरवागार दगड सापडला. “आई, पाचू हाय!” मी धावत सुटलो. ज्वारी कापणाऱ्या आईनं विळ्यानं त्यावर रेघ ओढली. “इळ्यानं कापते, तो कायचा पाचू रे, येड्या?” मी रुसलो, पण दगड जपला.

आता कळतं, कठीणपणाची परीक्षा आईनंच घेतली होती. तोच दगड सरांना देताना मी घाबरत “सर्पेंटाइन?” म्हणालो; ते मऊ, हिरवट खनिज असतं. नेमका प्रकार क्ष-किरण यंत्रच सांगणार होतं.

आत्ताच अहवाल आला: सर्पेंटाइन गट, प्रकार अँटिगोराइट! म्हणजे आईचंही खरं, आणि माझाही अंदाज बरोबर.