भिंतीवरचे अडीच ब्रास

बाबा गेले तेव्हा आमच्या नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या, स्लॅब टाकून झाला होता आणि गिलावा व्हायचा होता. आयुष्यभर त्यांनी कारंज्यात आणि आजूबाजूच्या गावांत दुसऱ्यांची घरं बांधली, स्वतःचं सगळ्यात शेवटी काढलं. भाड्याच्या खोल्या त्यांनीच आधी सोडल्या होत्या. त्यामुळे तेरवी झाल्यावर आई आणि मी उघड्या विटांमध्येच राहू लागलो. टेकून बसलं की पाठीला लाल भुकटी लागायची.

नाशिकच्या एका कॉलेजात मला ग्रंथपालाची जागा मिळाली होती. जूनअखेर रुजू व्हायचं होतं. हे मी फक्त बाबांना सांगितलं होतं, मार्चमध्ये. ते ओळंबा सोडून उभे होते. "बरं," एवढंच म्हणाले आणि दोरी हलायची थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

गिलावा पुरा करायचा, आईची नीट सोय लावायची आणि निघायचं, असं मी मनाशी ठरवलं. त्यासाठी रेती हवी होती. पावसाळ्यात नदीतून रेती काढणं बंद होतं, म्हणून त्याआधी एकदाच काय ती मागवायची. आष्टीकडचा ट्रॅक्टरवाला रोज फोन करून किती ब्रास ते विचारायचा. मी रोज उद्या सांगते म्हणायची.

तीन दिवस मी भिंती मोजल्या. टेप बाबांचाच होता. त्याचे पहिले दोन इंच झिजून गेले होते, म्हणून प्रत्येक मापातून दोन वजा करावे लागत. दारं-खिडक्या सोडून आतून-बाहेरून दोन हजार चारशे चौरस फूट भरले. अर्धा इंच जाडी धरली तर शंभर घनफूट ओला माल. कोरडा तिसऱ्या हिश्शानं जास्त लागतो, आणि एकास चार मिसळायचं तर त्याच्या पाचातले चार भाग रेती. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे मला एका ब्रासाहून किंचित जास्त हवी होती. मी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, शाळेत ओढत असे तशा.

बाबांबरोबर तीस वर्षं काम केलेले मिस्त्रीकाका बघायला आले. त्यांनी वही लांब धरून वाचली.

"ओली रेती फुगते वं. सुकली का बसते. पुस्तकात नाई का लिवलं हे?"

शिवाय चाळताना गोटे निघतात, थोडी मातीत जाते. दीड सांगून टाक, म्हणाले. मग पुढच्या खोलीत गेले. बाबा हिशेब कागदावर कधीच करत नसत, पेन्सिलीनं विटांवर लिहीत. काम झालं की तो गिलाव्याखाली जाई. दाराशेजारी त्यांच्या अक्षरात 'रेती दीड' होतं. दीडवर काट मारलेली आणि पुढे 'अडीच'.

मला वाटलं, आजारात चुकले असतील. काका मागच्या दारानं बाहेर पडले, मी त्यांच्यामागे. मागच्या भिंतीत दोन ठिकाणी, खालून वरपर्यंत, एकाआड एक वीट अर्धी बाहेर सोडलेली होती. ते काम राहून गेलं असेल असं समजून मी महिनाभर तिथे टॉवेल वाळत घालत होते.

"पुढं भिंत जोडाची असली का विटा अशा सोडते," काका म्हणाले. "तीन भिंती आन् त्याचा गिलावा. तुई खोली धरली त्यानं."

आई बाजूलाच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"ते म्हनत, लागन तिले."

ताटातले खडे ती एकेक करून बाजूला काढत राहिली. नाशिकबद्दल मी तिला सांगितलंच नव्हतं, पण बाबांकडून तिला ते कधीचंच ठाऊक होतं हे मला तेव्हा कळलं. जाऊ नको असं दोघांपैकी कोणीही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी भांडले असते. बाबांनी फक्त रेती वाढवली होती, आणि आता ते नव्हते.

हायवेवर ट्रक चढ चढताना गिअर बदलत होते. त्या आवाजात फोन वाजला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, ताई, आज सांगा, परवापासून बंद. मी वही उघडली, आपला एक ब्रास बघितला, काकांचा दीड आठवला. आईचे हात थांबले होते.

"अडीच," मी म्हणाले.

ट्रॉल्या आल्या त्या ऐन दारातच रिकाम्या झाल्या, दुसरीकडे जागाच नव्हती. महिनाभर आम्ही मागच्या दारानं ये-जा केली. जूनअखेरची तारीख त्यातच गेली. कॉलेजला काय लिहायचं याचे मी चार मसुदे केले आणि शेवटी दोन ओळी पाठवल्या.

पुढच्या खोलीचा गिलावा सुरू झाला तेव्हा काकांनी थापी हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी मारा म्हटलं. पेन्सिलीचा आकडा हाताच्या एका फटक्यात गेला.

मग ते नवी खोली जोडायला मागच्या भिंतीकडे वळले आणि थांबले. मला आधी कळेना का. मी गेले आणि विटांवरचा टॉवेल काढून घेतला.